तुझी क्रियापदांची यादी

प्रिय नंदू,

चार महिने उत्तर नाही, हव्या तेवढ्या शिव्या दे. तब्येत ठीक, साखर ताब्यात. तुझी आद्य-जर्मानिक (इंग्रजी-जर्मनची आदिमाता) क्रियापदांची यादी अखेर वाचली, आणि त्यावर भांडायला तुझ्याशिवाय आहे कोण?

'हॅव' पुन्हा लॅटिन 'हाबेरे'खाली टाकलंस! अर्थ तोच, आवाज तोच, म्हणून तर संशय घ्यायचा. जर्मानिक 'ह' मूळ 'क'चा: लॅटिन 'कॉर्नू', इंग्रजी 'हॉर्न'. लॅटिन 'ह' बहुधा जुन्या 'घ'चा, त्याचा तिकडे 'ग' होतो: 'होस्तिस' आणि 'गेस्ट'. तेव्हा 'हॅव'चा भाऊ 'कापेरे', म्हणजे पकडणे. पैजेची मिसळ तुझ्याकडे अजून बाकी आहे.

पण माझा जीव अडकलाय तो '*वेर्थनं'मध्ये. (तारा विसरू नकोस; ते रूप कुठं लिहिलेलं सापडलेलं नाही, बांधलेलं आहे.) धातू आपलाच वृत्: वळणे, त्यावरून होणे. जुन्या इंग्रजीत एकवचनी भूतकाळ 'वेआर्थ', अनेकवचनी 'वुर्दोन'. 'थ'चा 'द' का? ग्रिमच्या 1822च्या व्यंजनबदलाच्या नियमातून हे सुटत नव्हतं. कार्ल वेर्नरनं 1877मध्ये वैदिक स्वर लावून सोडवलं. एकवचनी 'ववर्त'मध्ये उदात्त (उंच सूर) धातूवर, अनेकवचनी 'ववृतिम'मध्ये शेवटच्या अक्षरावर. उदात्त लगेच आधीच्या अक्षरावर असेल तर 'थ' टिकतो, पुढं गेला की त्याचा घोष 'द' होतो. 'वॉज'चा 'स' आणि 'वेअर'चा 'र' हे त्याच भांडणातून उरलेले; धातू वस्, आपल्या वस्तीतला.

आणि तू काय केलंस? छापील ऋग्वेदात अक्षराच्या डोक्यावरची उभी रेघ उदात्त धरलीस! अरे, तो स्वरित, उतरता सूर. उदात्ताला खूणच नसते. खालची आडवी रेघ अनुदात्ताची (खालच्या सुराची), तिच्या पुढचं बिनखुणेचं अक्षर उदात्त. स्वरितानंतरची बिनखुणेची मात्र प्रचय, उदात्त नव्हेत, तिथं फसू नकोस. तुझा स्वर सगळीकडे एक अक्षर पुढं सरकलाय, म्हणून 'थ' हवा तिथं 'द' येतोय आणि तू वेर्नरला नावं ठेवतोयस.

शिवाय मुख्य वाक्यातलं क्रियापद बहुतेक निघातच, म्हणजे उदात्ताविना, असतं. पाणिनीचं 'तिङ्ङतिङः' (8.1.28) वर्गात सगळ्यांत मोठ्यानं तूच घोकायचास ना? मग पादाच्या (चरणाच्या) सुरुवातीचं किंवा 'यद्', 'यदि'च्या वाक्यातलं रूप घे. तिथंच स्वर दिसेल.

'सिट'–सद्, 'सेट'–सादयति या जोड्या झकास. 'ड्रिंक'पुढचा धातू खोड. जर्मानिकबाहेर त्याचं सर्वमान्य नातं नाही, जागा रिकामी राहू दे. रिकामी जागा बघवत नाही हा तुझा जुनाच आजार.

घराचा ताबा मिळाला का? चिमीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बंडू

ता. क. 'डे' आणि लॅटिन 'दिएस' यांचंही नातं नाही. क्रियापदं नाहीत म्हणून वाचलास.