‘लिनक्सला एसएसडी चालत नाही’ असं सांगणं आता बंद करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून ‘जुना लॅपटॉप भंगारात देऊ नका, एसएसडी टाका आणि लिनक्स टाका’ हा सल्ला सगळीकडे फिरतोय, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी ड्राइव्ह आणि विंडोजऐवजी फुकट मिळणारी लिनक्स ही सिस्टिम. सल्ला चांगलाच आहे, मी पण ओळखीच्यांना हेच सांगतो. पण पुढे काय होतं ते कुणी लिहीत नाही. माणूस पेनड्राइव्हवरून उबुंटू नाहीतर मिंट अशी लिनक्सची एखादी आवृत्ती सुरू करतो, इन्स्टॉल दाबतो आणि ‘डिस्क निवडा’ म्हणतात तिथे पेनड्राइव्ह सोडून काहीच दिसत नाही. मग तो लॅपटॉप घेऊन दुकानात जातो आणि दुकानदार ठोकून देतो की साहेब, लिनक्सला ही एसएसडी सपोर्टच करत नाही, दुसरी घ्या. लॅमिंग्टन रोडवर एका काउंटरला हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आणि समोरचा बिचारा खिशात हात घालत होता!

अहो, ड्राइव्ह ठणठणीत असतो. बऱ्याच इंटेलवाल्या लॅपटॉपमध्ये कंपनीतूनच बायोसमध्ये (विंडोज-लिनक्सच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) स्टोरेज ‘रेड’ (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायची सोय) किंवा इंटेलच्याच ‘आरएसटी’ मोडवर ठेवलेलं असतं, प्रोसेसरच्या ११व्या पिढीपासून त्याचंच ‘व्हीएमडी’ झालं. एकच डिस्क आहे, रेडचा काडीचा उपयोग नाही, तरी ते चालू. त्या मोडमध्ये एनव्हीएमई (नव्या, जास्त वेगवान प्रकारची) एसएसडी इंटेलच्या कंट्रोलरच्या आड जाते आणि लिनक्सच्या नेहमीच्या ड्रायव्हरला ती सापडतच नाही. व्हीएमडीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आहे म्हणून नव्या व्हर्जनना तेवढा त्रास होत नाही, आणि उबुंटूचा इन्स्टॉलर तर २०.०४ पासून सरळ सांगतो की आरएसटी बंद करा, पण बाकीचे बरेच गप्प बसतात. उपाय एवढाच, बायोसमध्ये जाऊन ते ‘एएचसीआय’ या साध्या मोडवर आणायचं किंवा व्हीएमडी बंद करायचं.

फक्त विंडोज पण ठेवायचं असेल तर घाई करू नका. थेट मोड बदलला की विंडोज निळा स्क्रीन देऊन बसतं आणि लोक म्हणतात लिनक्सने वाट लावली. आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) रिकव्हरी की लिहून ठेवा, मग विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उघडायला सांगा, मग बायोसमध्ये बदल करा, सेफ मोडमध्ये एकदा सुरू झालं की ते आपोआप योग्य ड्रायव्हर उचलतं, त्यानंतर सेफ मोड काढून टाका. बस.

२०१६ मध्ये लेनोवोच्या योगा ९०० वरून यावरच मोठा गदारोळ झाला होता, बायोसमध्ये एएचसीआयचा पर्यायच ठेवला नव्हता. मायक्रोसॉफ्टने कट केला म्हणून लोकांनी बोंब मारली, कट वगैरे काही नव्हता, पण ओरड झाली म्हणून तर लेनोवोला वेगळं बायोस काढावं लागलं.

आता ड्राइव्ह बनवणाऱ्यांकडे वळतो, कारण ते काही कमी नाहीत. एनव्हीएमई ड्राइव्हला स्वतःचा एक आयडी असतो, जगात दुसऱ्या कुणाचा नसेल असा. पण स्वस्तातल्या कितीतरी मॉडेलमध्ये सगळ्या ड्राइव्हना तोच आयडी चिकटवून दिलाय, म्हणजे अख्ख्या सोसायटीला मिळून एकच आधार नंबर. २०२२ च्या सुमारास कर्नलने हे तपासायला सुरुवात केली तशी एकाच मॉडेलचे दोन ड्राइव्ह लावणाऱ्यांचा दुसरा ड्राइव्ह गायब व्हायला लागला. शेवटी २०२३ मध्ये ६.५ व्हर्जनला कर्नलवाल्यांनीच नमतं घेतलं. चूक कारखान्याची, निस्तरायचं फुकट काम करणाऱ्यांनी?

वीज वाचवायला ड्राइव्ह आपणहून झोपतो, त्याचीही तीच कथा. २०१७ ला ४.११ कर्नलमध्ये ही सोय आली आणि काही ड्राइव्ह झोपले ते उठेचनात, लॅपटॉप चालता चालता थिजायचा. किंग्स्टनच्या ए२००० या ड्राइव्हसाठी कर्नलमध्ये खास अपवाद लिहावा लागला. अशा वेळी खरं तर फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट हवं, पण कित्येक कंपन्यांचं अपडेटचं टूल फक्त विंडोजवर चालतं. एलव्हीएफएस नावाची फुकट सोय २०१५ पासून आहे, कंपनीने तिथे फर्मवेअर टाकलं की लिनक्सवाल्याला घरबसल्या मिळतं, तरी अनेकांना तेवढेही कष्ट नकोत.

लिनक्सवाले तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहेत म्हणा. २०१५ मध्ये अल्गोलिया या सर्च सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरचा डेटा खराब होत होता, सगळ्यांनी सॅमसंगच्या एसएसडीला शिव्या घातल्या आणि निघालं काय, तर कर्नलच्या रेडमधला बग! तो शोधून दुरुस्ती पाठवली ती सॅमसंगच्याच इंजिनिअरांनी. म्हणून म्हणतो, दुकानदाराने आधी बायोस उघडून बघावं, मग गिऱ्हाइकाला दुसरी एसएसडी दाखवावी.

बॉस लिनक्स ही भारतीय आवृत्ती काढणाऱ्या सी-डॅक या सरकारी संस्थेचं मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे. इथल्या बाजारात मिळणारे कुठले ड्राइव्ह कुठल्या कर्नलवर नीट चालतात, कुणाचं फर्मवेअर विंडोजशिवाय अपडेट होतं, एवढी यादी त्यांनी मराठीत टाकली तर शाळांच्या कॉम्प्युटर लॅबवाल्यांचं किती काम वाचेल. आणि तुम्ही पण तुमच्या टेक पानावर ती बायोसची सेटिंग एका चौकटीत छापा ना, स्क्रीनच्या फोटोसकट, कारण प्रत्येक कंपनीने ती वेगळ्याच मेनूत लपवलेली असते.

आपला,
एक वाचक, डोंबिवली