मुक्ता, सांतोरिनी शेवटी ठेव

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

ग्रीसच्या बेटांवर फिरण्याचा तुझा बेत आईने आणि मी दोघांनी वाचला. अथेन्सहून थेट सांतोरिनी, वेळ उरला तर मिकोनोस, आणि परत. मे महिना निवडलास हे फार बरं केलंस. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, समुद्र खवळतो आणि लहान बोटी धक्क्यालाच बांधून ठेवतात. बेटांचा क्रम मात्र बदल, असं मी आग्रहाने सांगेन. का, ते सविस्तर लिहितो.

ही बेटं सायक्लेड्स या द्वीपसमूहातली. त्यात लहानमोठी दोनशेच्या वर बेटं आहेत. माणसं राहतात ती त्यातल्या थोड्यांवरच. गेल्या वर्षी आम्ही दोघं तिथे फिरत होतो, तेव्हा प्रत्येक ठिकाणी माझ्या मनात एकच प्रश्न यायचा: इथे आधी कोण राहत होतं, आणि ती माणसं गेली कुठे? या बेटांवर वस्ती पुन्हापुन्हा उठली आहे आणि पुन्हापुन्हा बसली आहे. पांढऱ्या भिंती आणि निळे घुमट तू बघशीलच. त्यांच्या आधी हे थोडं मनात असावं, एवढ्यासाठी हे पत्र.

सुरुवात सिरोसपासून कर. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून मोठी बोट घे, चार तासांच्या आत पोहोचशील. बोट बंदरात शिरताना समोर दोन टेकड्या दिसतात. डावीकडच्या टेकडीवर आनो सिरोस हे जुनं कॅथलिक गाव आहे. व्हेनिसच्या सरदारांनी तेराव्या शतकात ही बेटं घेतली, तेव्हापासूनची ती परंपरा. खाली पाण्यापर्यंत पसरलंय ते एर्मूपोली. दोनशे वर्षांपूर्वी तिथे शहर नव्हतं. ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात, 1822 मध्ये, ऑटोमन तुर्कांच्या सैन्याने खिओस बेटावर भीषण कत्तल केली, 1824 मध्ये प्सारा बेट उद्ध्वस्त केलं. जीव वाचवून निघालेली माणसं या किनाऱ्यावर उतरली. त्यांच्यात व्यापारी होते, जहाजं बांधणारे होते. त्यांनी झोपड्यांपासून सुरुवात केली आणि थोड्याच दशकांत ग्रीसचं सर्वांत मोठं बंदर उभं केलं. पुढे पिरेयसने त्याला मागे टाकलं. 1861 मध्ये तिथे जहाजबांधणीचा कारखाना निघाला, 1864 मध्ये अपोलो नाट्यगृह उघडलं. संगमरवरी फरशीचा मोठा चौक आहे, समोर नगरपालिकेची भव्य इमारत आहे. संध्याकाळी तिथे नुसती बसून राहा. सगळं गाव तिथे येतं, मुलं सायकली फिरवतात.

त्याच शहरात बंदराजवळ कुमारी मेरीच्या महानिर्वाणाचं चर्च आहे. आत प्रवेशाशीच एक लहान चित्र आहे. लोक वर्षानुवर्षं त्याला मेणबत्ती लावून पुढे जात होते. 1983 मध्ये ते साफ करताना चित्रकाराची सही सापडली: दोमेनिकोस थिओटोकोपुलोस, म्हणजे सोळाव्या शतकातला जगप्रसिद्ध चित्रकार, आपण ज्याला एल ग्रेको म्हणतो तो. हे चित्र प्साराच्या निर्वासितांनी बरोबर आणलं असावं असं मानतात. घर, जहाज, माणसं गमावून निघालेल्या लोकांनी ते उचलून आणलं असेल, तर त्यांना ते किती जवळचं असेल! त्या चित्रापुढे मी बराच वेळ उभा होतो. तूही घाई करू नकोस.

सिरोसहून टिनोस अगदी जवळ आहे. 1823 मध्ये तिथे जमिनीतून मेरीचं एक पवित्र चित्र निघालं, आणि टिनोस ग्रीसचं मोठं तीर्थक्षेत्र झालं. धक्क्यापासून चर्चपर्यंतच्या चढावर गालिच्याची पट्टी अंथरलेली असते. तिच्यावरून माणसं गुडघ्यांवर रांगत नवस फेडायला जातात. 15 ऑगस्टला, मेरीच्या सणाला, गर्दी उसळते, पण एरवीही एखादी बाई तशी जाताना दिसेल. तिचा फोटो काढू नकोस. वेळ असेल तर बसने पिर्गोस गावी जा. तिथले संगमरवराचे कारागीर पिढ्यान् पिढ्या दगड घडवतात आणि त्यांच्या कलेची युनेस्कोने 2015 मध्ये दखल घेतली आहे.

आता डिलॉस. या एका बेटासाठी सगळा प्रवास करावा असं मला वाटतं. मिकोनोसहून बोटीने अर्धा तास. बेट जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचं. नदी नाही, झाडं नाहीत, शेतीलायक जमीन नावापुरती. पण अपोलो हा देव आणि आर्टेमिस ही देवी इथे जन्मले अशी श्रद्धा होती, त्यामुळे प्राचीन ग्रीकांसाठी हे केंद्र होतं. पर्शियाविरुद्ध ग्रीक राज्यांनी इ.स.पू. 478 मध्ये संघ केला, तेव्हा त्याचा खजिना इथे ठेवला. इ.स.पू. 454 मध्ये अथेन्सने तो आपल्याकडे नेला. मग अथेन्सने बेट ‘शुद्ध’ करायचं ठरवलं: सगळ्या कबरी उकरून शेजारच्या रिनिआ बेटावर हलवल्या आणि डिलॉसवर कुणी जन्मू नये, कुणी मरू नये असा नियम केला. बाळंतीण आणि मरणासन्न माणूस, दोघांनाही होडीत घालून पलीकडे न्यायचं. इ.स.पू. 422 मध्ये तर सगळ्या रहिवाशांनाच हाकलून दिलं. वर्षभरात त्यांना परत येऊ दिलं, पण देवाच्या जन्मस्थानी राहणाऱ्यांना आपल्या घरात मरण्याचीही मुभा नसावी, हे मला अजून पचत नाही.

पुढे रोमने हे करमुक्त बंदर केलं आणि इटालियन, सीरियन, इजिप्शियन, ज्यू असे सगळे व्यापारी येऊन राहिले. इसिस या इजिप्शियन देवीचं देऊळ आणि ज्यूंचं सिनेगॉग एकाच छोट्या बेटावर बघायला मिळतात. त्यांची घरं नीट बघ. मी आयुष्यभर पाणीपुरवठ्याचं काम केलं, म्हणून माझी नजर प्रथम तिथेच गेली. छपरावरचा पाऊस मधल्या अंगणात उतरवून खालच्या टाक्यात साठवायचा आणि टाक्यावर मोझेकची फरशी करायची. नाट्यगृहाजवळ दगडी कमानींचं मोठं टाकं आहे. प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरून वाहणारं पाणी त्यात जाई. बिनपाण्याच्या बेटावर हजारो माणसं राहिली ती या हिशेबाने. तिथे वाकून आत बघ, कमानी अजून ताठ उभ्या आहेत.

पण त्याच श्रीमंतीत गुलामांचा बाजार होता. भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की डिलॉस एका दिवसात दहा हजार गुलाम उतरवून घेऊन विकून पाठवू शकत असे. संगमरवरी खांबांचे फोटो घेताना हे विसरू नकोस. इ.स.पू. 88 मध्ये रोमचा शत्रू राजा मिथ्रिडेटीस याच्या सैन्याने आणि इ.स.पू. 69 मध्ये चाच्यांनी बेट लुटलं, आणि हळूहळू ते ओस पडलं. नॅक्सोसच्या लोकांनी अर्पण केलेले सिंह उघड्यावर दिसतील, पण त्या प्रतिकृती आहेत. मूळचे संग्रहालयात आहेत. मूळ सिंहांपैकी एक मात्र व्हेनिसला नेऊन तिथल्या नौदल गोदीच्या दारात बसवलेला आहे. रात्री बेटावर राहू देत नाहीत, तेव्हा सकाळच्या पहिल्या बोटीने जा आणि शक्य तेवढं उशिरा परत ये.

नॅक्सोस वाटेत आहे. इ.स.पू. सहाव्या शतकात सुरू होऊन अर्धवट राहिलेल्या देवळाचं दार समुद्राकाठी उभं आहे, ते सूर्यास्ताला बघ. मिलोस या खेपेला जमणार नाही, तरी लक्षात ठेव. इ.स.पू. 416 मध्ये अथेन्सने तिथले पुरुष मारले, बायका-मुलं गुलाम म्हणून विकली आणि आपले पाचशे लोक नेऊन वसवले. अथेन्सच्याच थ्युसिडिडीस या इतिहासकाराने ते लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला माहीत आहे. आज पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात असलेली अ‍ॅफ्रोडाइटी देवीची मूर्ती 1820 मध्ये त्याच बेटावर सापडली.

आणि मग सांतोरिनी. आधी आक्रोतिरीला जा. सुमारे 3600 वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या राखेत गाडलेलं हे शहर स्पिरिदोन मारिनातोस यांनी 1967 पासून खोदून काढलं. दुमजली-तिमजली घरं, फरसबंद गल्ल्या, खाली सांडपाण्याची गटारं आहेत. पण माणसांचे सांगाडे सापडले नाहीत. धरणीकंपाने सावध होऊन लोक आधीच निघाले होते. 1956 च्या भूकंपात बेट पुन्हा उद्ध्वस्त झालं, अनेक कुटुंबं कायमची गेली. 2025 च्या फेब्रुवारीत भूकंपाचे धक्के वाढले तेव्हाही हजारो लोक बोटींनी बाहेर पडले. तिथल्या ओइया गावी सूर्यास्त बघायला उभी राहशील, तेव्हा आजूबाजूच्या घरांतल्या माणसांशी बोलायचा प्रयत्न कर. 1956 ची आठवण सांगणारं कुणी भेटलं तर नीट ऐकून घे आणि मला कळव.

खाण्याची काळजी आईला आहे. फावा म्हणून घोटलेली पिवळी डाळ मिळते, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल घालतात. तुला आवडेल. सिरोसचा लोकुमी, म्हणजे तिथली मऊ मिठाई, घरी आण, आईसाठी. डिलॉसवर सावली नाही, टोपी आणि दोन बाटल्या पाणी ने. बोटीची तिकिटं काढलीस की तारखा पाठव.

तुझा,
बाबा