तुझ्या टेबलावरचा कागद तसाच आहे

सदाशिव पेठ, पुणे
९ जुलै २०२५

प्रिय बाळ्या,

तीन दिवस झाले, तू फोन उचलत नाहीस. काल काकूंना केला, तर म्हणाल्या, "रानात गेलाय, आला की सांगते." त्यांनी सांगितलं तरी तू करणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. डिसेंबरात सीए फायनलच्या या दुसऱ्या ग्रुपात तिन्ही पेपर मिळून माझे १४७ आले, तीन मार्कांनी ग्रुप गेला, तेव्हा मी तरी कुणाचा फोन घेतला होता? म्हणून पत्र लिहितोय.

रविवार डोळ्यांसमोरून हलत नाही. निकाल दुपारी दोनला. खाणावळीत एकादशीची साबुदाण्याची खिचडी होती, तू अर्धी तशीच ठेवलीस. पावणेदोनला आपण अभ्यासिकेच्या जिन्यात जाऊन बसलो, तिथं रेंज येते म्हणून. साइट उघडेना. रजिस्ट्रेशन नंबर टाकायचा, रोल नंबर टाकायचा, ते चक्र फिरत राहायचं, की पुन्हा पहिल्यापासून. माझी बोटं घामानं इतकी ओली झाली होती की नंबर नीट टाकता येईना, शेवटी तूच टाकलास. "आधी तुझं बघू," म्हणालास. डीटी (डायरेक्ट टॅक्स) ४६, आयडीटी (इनडायरेक्ट टॅक्स) ६१, आयबीएस (सगळे विषय एकत्र असलेला पेपर) ५३. एकूण १६०, पास. मी तुझ्या गळ्यात पडून रडलो. आणि बाळ्या, तुझा निकाल बघायचा राहिलाय हे नंतरची दहा मिनिटं माझ्या डोक्यातच आलं नाही. तू जिना उतरून गेलास. मला वाटलं, घरी फोन करायला गेलास. आलास तो पेढ्यांचा पुडा घेऊन. पहिला पेढा माझ्या तोंडात घातलास, मग जिन्यातल्या सगळ्यांना वाटलेस. मी विचारलं तेव्हा म्हणालास, "डीटीला ३८." एवढंच. संध्याकाळच्या गाडीनं निघूनही गेलास.

रात्री बसून मी तुझी बेरीज केली. ३८, ६३, ५५. एकशे छप्पन्न. पास व्हायला दीडशे लागतात. माझ्यात नि तुझ्यात चार मार्कांचं अंतर, आणि एका पेपरात चाळीसला दोन कमी म्हणून तुझा अख्खा ग्रुप गेला. नियम आपल्याला पहिल्या दिवसापासून पाठ होता. तरी तो आकडा बघून माझा जीव तुटला.

माझ्या आयडीटीच्या ६१ बद्दल बोलायचंय, कारण ते तुझे आहेत. ८ मेला आपण डीटी देऊन आलो. ९ ला सूचना आली, सीमेवरच्या तणावामुळे उरलेले पेपर पुढे ढकलले. सगळी अभ्यासिका मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. माझं तर पुस्तकात लक्षच लागेना. एवढी तयारी, आणि आता सगळं विसरणार, हाच घोर. तू मात्र मला ओढून टेबलाशी बसवलंस आणि जीएसटीतलं इनपुट क्रेडिट पुन्हा पहिल्या कलमापासून सुरू केलंस. 'प्लेस ऑफ सप्लाय', म्हणजे विक्री कुठल्या राज्यात धरायची ते, तर चहाच्या टपरीवर शिकवलंस, माल बार्शीचा, गिऱ्हाईक बेळगावचं, पैसे भरणारा तिसराच. ते दिवस मिळाले नसते आणि तू नसतास, तर मी आज सप्टेंबरचा फॉर्म भरत असतो. मला मात्र डीटीत तुला काही देता आलं नाही. तो पेपर आधीच होऊन गेला होता. हेच सलतंय.

वर्तमानपत्रात आकडे आलेत. आपल्या ग्रुपला ४६,१७३ जण बसले, १२,२०४ निघाले. देशात पहिला आलेला आपल्या छत्रपती संभाजीनगरचा आहे, दोन्ही ग्रुप मिळून ६०० पैकी ५१६. वाचून फार बरं वाटलं. पण मी पुन:पुन्हा उरलेल्या जवळजवळ चौतीस हजारांकडेच बघत होतो. त्यातला एक मी गेल्या खेपेला होतो.

आप्पा त्या दिवशी पंढरपुरात होते. गर्दीत फोन लागत नव्हता. रात्री नऊला दिंडीतल्या कुणाच्या तरी फोनवरून त्यांचा आवाज आला. पास झालो म्हटल्यावर बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मागे टाळ ऐकू येत होते. मग विचारलं, "आणि जोडीदाराचं?" पालखी पुण्यात होती तेव्हा भवानी पेठेतल्या शाळेत जाऊन तू त्यांच्या पायांना तेल लावलंस, ते त्यांच्या मनातून गेलेलं नाही. मी सांगितलं. म्हणाले, "त्याला एकटं सोडू नको." गावात पोरं माझा फ्लेक्स लावणार होती, मी थांबवलंय. तू रागावशील, पण तुझ्याशी बोलल्याशिवाय मला तो नको.

आता कामाचं. डीटीच्या उत्तरपत्रिकेची प्रत मागव, आणि मार्कांच्या पडताळणीचा अर्जही कर. निकालापासून तीस दिवस असतात. पडताळणीत नव्यानं मार्क देत नाहीत, बेरीज चुकली का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच बघतात. त्यावर भिस्त ठेवू नकोस, पण दोनच मार्कांचा प्रश्न आहे, बघायला हवं. आयडीटीचे ६३ पुढच्या तीन अटेम्प्टना धरले जातील. म्हणजे सप्टेंबरात दोनच पेपर, आणि दोन्ही मिळून ८७ हवेत. आयबीएसला आत्ताच ५५ आहेत तुझे. राहिला डीटी. तो मी बघतो. नोकरीचं बोलणं चालू आहे, पण ऑफिस सुटल्यावर रोज सात ते दहा मी तुझ्या शेजारी बसणार. तुझा शेवटचा प्रश्न वेळेअभावी अर्धा राहिला होता ना, म्हणून पहिल्या आठवड्यापासून घड्याळ लावून लिहायचं. मी तपासणार, आणि माया करणार नाही.

तुझ्या टेबलावर तू चिकटवलेला कागद, 'य एष सुप्तेषु जागर्ति', सगळे झोपलेले असताना जो जागा असतो तो, तसाच आहे. काल मालक ते टेबल दुसऱ्याला देत होते. मी सप्टेंबरअखेरपर्यंतचे पैसे भरून टाकले. माझ्याशी त्यावरून भांडायचं असेल तर इथं येऊन भांड.

रविवारी मी स्वारगेटला उभा राहतो. कितीची गाडी धरतोस, तेवढं कळव. काकूंना नमस्कार सांग. येताना त्यांच्या हातची शेंगदाण्याची चटणी आण, मागची संपली.

तुझाच,
मन्या