काकू, गच्चीचा विषय गच्चीवरच ठेवलात!

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

आपल्या मुलुंडच्या सोसायटीच्या यंदाच्या वार्षिक सभेत तुम्ही जे केलंत, त्याचे आभार जिन्यात उभ्याउभ्या मानून भागणार नाही, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

दर पावसाळ्यात आमच्या हॉलच्या छताचे पोपडे सुटतात, पंख्याच्या दांडीवरून पाणी ठिबकतं. उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, सरळ लिहिलंय, गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने. संडास-बाथरूमची गळती असेल तर ज्याची त्याने. तरी मी तोंड उघडलं की सेक्रेटरी म्हणणार, "तुमच्या मुलाची स्कूटर गेटात आडवी असते, त्याचं काय?" स्कूटरवरून कुणीतरी पाण्याच्या टाकीवर जायचं, तेवढ्यात चहा-वेफर्स यायचे आणि सभा बरखास्त.

या वेळी स्कूटर निघाली तशा तुम्ही उठलात. "स्कूटर चुकीचीच लागते. ऐनवेळच्या विषयांत घ्या, सूचक मी. आता गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधी, तेवढं सांगा." आरोप नाकारलाच नाहीत! नाकारला असतात तर स्कूटरवरच रात्र झाली असती. मग सेक्रेटरी म्हणाले, आधीच्या कमिटीने काय दिवे लावले? तुम्ही म्हणालात, "काही नाही लावले. गच्ची कधी?" शेवटी निघाला तुमचा चढलेला आवाज. तर तुम्ही तो खरोखरच खाली आणलात आणि तोच प्रश्न पुन्हा विचारलात. मागच्या खुर्च्यांवर हशा पिकला, तेव्हा कुठे खजिनदारांनी फाइल उघडली.

फाटे फोडणारा प्रत्येक जण लबाडच असतो असं मला वाटत नाही. अंगावर आलं की माणूस हाताला लागेल ते पुढे करतो. आणि सेक्रेटरी बिनपगारी राबतात, हेही खरंच. तुम्ही त्यांना उघडं पाडायच्या मागे लागला नाहीत, हे मला सगळ्यात आवडलं. तारीख हवी होती, ती इतिवृत्तात लिहून घेतलीत. बिल्डिंगला 30 वर्षं उलटल्यामुळे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, लागतं, तेही त्याच दमात नोंदवायला लावलंत.

घरी हा उपाय करून पाहिला. मुलावर चालतो. सासूबाईंवर अजिबात नाही. त्या "हो गं, बरोबर आहे तुझं" म्हणतात आणि पुन्हा आपल्याच मुद्द्यावर येतात. त्यावर काही उतारा असेल तर सांगा, रविवारी चहाला येतेच आहे.

तुमची,
वरच्या मजल्यावरची