ट्रेलरचे हेलकावे : आधी वजन पाहा

महोदय,

अमेरिकेत सुटीला गाडीमागे ट्रॅव्हल ट्रेलर (राहण्याची सोय असलेला, ओढून न्यायचा डबा) जोडून निघणाऱ्या मराठी कुटुंबांनी आधी वजन पाहावे, हेलकावे रोखणारे उपकरण नंतर. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचच्या, म्हणजे गाडीमागे ट्रेलर जोडायच्या जोडणीच्या, गोळ्यावर हवा; ६,००० पौंडांच्या ट्रेलरला ६०० ते ९०० पौंड. सामान मागे कोंबले की हा भार घटतो आणि ट्रेलर हेलकावे खाऊ लागतो. हा दोष हेलकावे रोखणाऱ्या कोणत्याही बारने (गाडी आणि ट्रेलर यांच्यामध्ये बसवायच्या दांड्याने) सुटत नाही.

घर्षणावर चालणारा साधा बार लहान ट्रेलरला पुरतो, पण रिव्हर्स घेण्यापूर्वी तो काढावाच, नाहीतर वाकतो. पावसात त्याची पकडही कमी होते. मोठ्या ट्रेलरला मात्र वजन विभागणारी आणि हेलकावे रोखणारी एकत्रित हिचच घ्यावी.

तरीही हेलकावे सुरू झालेच, तर स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा आणि गाडीत बसवलेल्या ट्रेलर-ब्रेकच्या कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. गाडीचे ब्रेक जोरात दाबू नका.

— एक वाचक, टेक्सास