बहिणाबाईंचं नाव दिलंत, आता त्यांची बोली पण सांभाळा

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी यावल तालुक्यातला. २०१८ मध्ये आमच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं तेव्हा आमच्या घरी पेढे आणले होते. शाळेची पायरी न चढलेल्या शेतकरी बाईचं नाव पोरांच्या डिग्रीवर येतं याचा आनंद काय असतो ते आमच्या भागातल्या माणसाला विचारा.

पण साहेब, बाकी लेखकांचा वारसा जपायचा तर हस्तलिखितं असतात, पत्रं असतात, त्यांचा पेन-चष्मा असतो, ते सगळं काचेच्या कपाटात ठेवता येतं. बहिणाबाईंना लिहितावाचताच येत नव्हतं. जात्यावर बसल्या, शेतात गेल्या की ओव्या सुचायच्या आणि मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ जवळ असले तर उतरून घ्यायचे. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या, नंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली म्हणून १९५२ मध्ये पुस्तक आलं, नाहीतर आज आपल्याकडे काहीच नसतं. जे वहीत उतरलं नाही ते त्यांच्याबरोबर गेलं.

म्हणून विद्यापीठात त्यांच्या वारशाचं केंद्र म्हणजे आधी आवाजाचं केंद्र पाहिजे. बरेच जण, अगदी स्टेजवर भाषण करणारे पण, त्यांची भाषा अहिराणी म्हणून मोकळे होतात. पण आसोद्याची, म्हणजे बहिणाबाईंच्या माहेरची, बोली ती लेवा गणबोली. आमच्यात डोळ्याला डोया म्हणतात, फळाला फय, आणि जळगाव म्हणजे जयगाव. माझी पुतणी शाळेच्या पुस्तकातली बहिणाबाईंची कविता पाठ करत होती तर आजी चुलीपुढून म्हणाली, "अशी नाही म्हनत बाई, थांब," आणि तिने तीच ओळ हेल काढून म्हटली. पोरगी बघतच राहिली. तो हेल कुठल्याच पुस्तकात छापता येत नाही.

त्याच आजीच्या दळणाच्या ओव्या मी मोबाईलवर रेकॉर्ड केल्या होत्या, पंधरा-वीस असतील. मोबाईल पाण्यात पडला, कॉपी कुठेच नव्हती, परत करू परत करू म्हणता म्हणता आजी गेली. ही चूक माझीच, पण अशी चूक आमच्याकडे घरोघरी होतेय. जातं कोपऱ्यात पडलंय, दळण गिरणीत जातं, आणि ओव्या येणाऱ्या बाया आता ऐंशीच्या पुढे आहेत.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्यातला थोडा पैसा बोलींकडे वळवा एवढंच मागणं आहे. बिल्डिंग नको. दोन-तीन पूर्णवेळ माणसं, चांगले रेकॉर्डर आणि जपून ठेवायला सर्व्हर एवढं द्या. यावल, रावेर, भुसावळ, मुक्ताईनगर, बोदवड इथल्या कॉलेजच्या पोरापोरींना आपापल्या गावात फिल्ड प्रोजेक्ट म्हणून हे काम द्या, मार्क द्या, घरातल्याच नातवाला आजी जेवढं सांगेल तेवढं बाहेरच्या प्राध्यापकाला नाही सांगणार. ओवी कोणाकडून मिळाली, कुठलं गाव, दळताना म्हणायची की निंदताना, हे सगळं तिथेच लिहून घ्यायचं, आणि बाईला विचारून तिच्या परवानगीने ते ऐकायला खुलं ठेवायचं, नाहीतर पीएचडीवाल्यांच्या कपाटात जाऊन बसेल. आणि हे कंत्राटी माणसावर अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर चालत नाही हो, ओळख व्हायलाच वर्ष जातं.

माझ्या मावशीचं वय आज ८४ आहे. तिला लग्नाच्या, दळणाच्या, पहिल्या पावसाच्या ओव्या येतात, मधली एखादी ओळ आता विसरते, मग बराच वेळ आठवत बसते. दुपारी जेवण झालं की ती ओट्यावरच असते. या उन्हाळ्याच्या आत कोणालातरी पाठवा साहेब, मी स्वतः सोबत बसतो.

आपला,
यावल तालुक्यातला एक शेतकरी