दत्ताला पत्र: लेकराच्या हातात चाकू

औसा,
येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) पुढचा रविवार

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू निम्मं बोललास आणि मीटिंग लागली म्हणून ठेवून दिलास. उरलेलं निम्मं वहिनींनी आमच्या हिला सांगितलं, त्यामुळं मला आता दोन्ही बाजू ठाऊक आहेत. तुझ्या भावानं तिकडून येताना पुतण्याला लाल रंगाचा स्विस चाकू आणला. लेकरू नऊ वर्षांचं. वहिनींनी तो त्याच दिवशी कपाटात ठेवून कुलूप लावलं, आणि तू वर म्हणालास की 'आपण काय विळ्याखुरप्यात मोठे झालो नाही का?' तेव्हापासून घरात अबोला. फोनवर उत्तर दिलं असतं तर हो किंवा नाही, एवढंच देता आलं असतं. म्हणून लिहायला बसलो.

माझं म्हणणं आधीच सांगतो. चाकू द्यावा. पण तो लाल चाकू आत्ता देऊ नये, आणि तू सांगितलेल्या कारणासाठी तर मुळीच देऊ नये.

विळ्याचं तू पुण्यातल्या पार्टीत सांगत असशील, मला सांगू नकोस. आपण हायब्रीड ज्वारी कापायला गेलो ते कुणी आपल्यावर विश्वास टाकला म्हणून नव्हे. माणसं कमी पडत होती म्हणून गेलो. आजही दिवाळीच्या सुमारास बीड-धाराशिवकडच्या ट्रॉल्या कारखान्याच्या वाटेला लागतात, त्यात मायबापासोबत शाळेतली लेकरं असतात. दहा-बारा वर्षांचं पोरगं उसाच्या फडात कोयता चालवतं, वाढं (उसाचे शेंडे) बांधतं. त्याचा हात तुझ्यामाझ्यापेक्षा बसलेला असतो. ते बघून 'गावाकडची लेकरं कशी तयार असतात' म्हणणाऱ्याचा मला राग येतो. तिथं लेकरावर भरवसा ठेवलेला नसतो, त्याच्या हातांची गरज असते. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला २०१६ च्या दुरुस्तीपासून सरसकट बंदी आहे, शाळा सुटल्यावर घरच्यांना हातभार लावण्यापुरती सूट. फडावर ती सूट कुठं संपते हे बघायला कोणी जात नाही. माझ्या वर्गातल्या काही जागा दिवाळीनंतर रिकाम्या होतात, म्हणून एवढं चिडून लिहिलं.

आता चाकूकडं येतो.

आपण चाकू खरा शिकलो तो धाटाच्या गाड्या करताना, आठवतं का? ज्वारीचं वाळलं धाट घ्यायचं, वरची टणक साल लांब पट्ट्यांनी सोलायची, आतल्या पांढऱ्या भुसभुशीत गाभ्याचे तुकडे करायचे आणि सालीच्या काड्या त्यात खुपसून चाकं, जू, साट्या उभ्या करायच्या. बैलसुद्धा धाटाचेच. त्या कामाला पातं हलकं चालवावं लागतं, जोर केला की गाभा चेपतो. हाताला किती जोर द्यायचा हे तिथं आपोआप कळतं. आणि गंमत अशी की बोटं चाकूनं कमी कापायची, त्या सालीनंच जास्त. आता सोयाबीननं ज्वारी मागं सारली, जिथं पेरतात तिथं रब्बीलाच. सोयाबीन काढायला मळणीयंत्रं, हार्वेस्टर. धाट हाताशी राहिलं नाही तसा लेकरांच्या हातचा चाकूही गेला. कुणी काढून घेतला नाही. त्याला काम उरलं नाही.

वहिनी 'चाकू नको' म्हणतात ते मला समजतं, पण एक गोष्ट विचाराविशी वाटते. त्या स्वतः कितव्या वर्षी विळीवर बसल्या? आमची आक्का आठव्या वर्षी मेथी निवडून, कांदा चिरून मोकळी व्हायची. उघडं पातं, दोन्ही हात त्याच्यासमोर, तेही चुलीजवळ, आणि पाठीवर धाकटा भाऊ. तो धाकटा म्हणजे मी. तिच्या वेळी घरात कुणी सभा भरवली नाही की मुलीच्या हाती धार द्यावी का नाही. तुझ्या पोराच्या वेळी मात्र दोन शहरांत चर्चा चालली आहे. तुझ्या मुलीलाही चाकू देशील का, हे त्यांनी तुला विचारायला हवं होतं. विचारलं नसेल तर मी विचारतो.

त्या विळीभोवती नियम मात्र किती पक्के होते बघ. उठताना विळी आडवी करायची, उभी सोडून जायचं नाही. तिच्यावरून ओलांडायचं नाही. कात्री नुसती वाजवायची नाही, घरात भांडणं होतात. भांडणाचं माहीत नाही, पण रिकामी कात्री चालवणारं लेकरू कुणाचे तरी केस किंवा कपडे कापतं हे नक्की. माय हे सगळं भीतीच्या भाषेत सांगायची, पण त्याच्या आत शहाणपण होतं. मी चाकू शिकवतो तेव्हा हेच नियम वापरतो, फक्त भांडणाचं कारण सांगत नाही.

त्या लाल चाकूबद्दल. वस्तू उत्तम आहे, वाद नाही. स्विस सैन्याला या घराण्याचे चाकू १८९१ पासून जाऊ लागले, आणि कॉर्कस्क्रूवाला जो नमुना आपल्याला माहीत आहे तो १८९७ चा. पण खिशातल्या नेहमीच्या आकाराच्या चाकूंत पातं उघडल्यावर अडकून बसत नाही, नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर उभं राहतं. लेकरू काय करतं? टोक लाकडात खुपसतं आणि दाबतं. पातं मागं वळतं आणि थेट मुठीवर मिटतं. लेकरांची बोटं कापतात ती बऱ्याचदा अशी. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूला १९५५ पासून फिरवून पातं अडकवायची कडी आहे, आणि त्यांचा लहान मुलांचा वेगळा चाकू मिळतो, गोल टोकाचा. स्विसवाल्यांकडंही गोल टोकाचा आहे. पण एवढा खर्च नको. घरातला छोटा, न मिटणारा भाजीचा चाकू घे, धारवाल्याकडून टोक घासून गोल करून घे, धार मात्र चांगली लावून घे. बोथट चाकू सुरक्षित ही पुण्यातल्या मावश्यांची समजूत आहे. बोथट पात्याला जोर लागतो, जोरात पातं सटकतं, आणि सटकलेलं पातं कुठं जाईल ते कुणाच्या हातात नसतं.

वहिनींची खरी भीती मात्र बोट कापायची नाही, असं मला त्यांच्या बोलण्यावरून वाटलं. तुमच्या पुण्यात कोयता घेऊन फिरणाऱ्या पोरांच्या बातम्या दर आठवड्याला येतात. मिसरूड न फुटलेली पोरं गाड्या फोडतात, रील टाकतात. धारेची हौस लागली तर पोरगं कुठल्या वाटेला जाईल, ही ती भीती आहे, आणि तिला हसण्यावारी नेऊ नकोस. मी त्यावर पुष्कळ विचार केला. रीलमधल्या कोयत्याला कापायला काही नसतं. ऊस नाही, फांदी नाही. तो दाखवायलाच असतो. म्हणून माझ्या घरात एकच नियम आहे: काम असेल तर चाकू निघतो, काम झालं की पुसून जागेवर जातो. खिशात नाही, दप्तरात तर नाहीच. मास्तर म्हणून सांगतो, दप्तरात सापडला तर मी जप्त करीन आणि पालकाला बोलावीन, मग तो तुझा का असेना. कायद्याचं म्हणशील तर शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची गोष्ट आहे, घरची-शेतीची हत्यारं त्यातून वगळलेली, पण शहरात पोलिसांचे मनाई आदेशही निघत असतात. घराबाहेर न्यायचाच नाही म्हटल्यावर तो प्रश्नच येत नाही.

नांदेडला होस्टेलवर असताना गुरुद्वाऱ्याकडच्या गल्लीत आपण चहाला जायचो. तिथं आपल्या निम्म्या वयाची मुलं पट्ट्यात कृपाण अडकवून क्रिकेट खेळायची. तू पहिल्यांदा बघून दचकला होतास. तिथल्या कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. अमृत घेतलेल्यानं कृपाण बाळगायची, आणि संविधानाच्या २५ व्या कलमाच्या स्पष्टीकरणातच तो हक्क लिहिलेला आहे. धर्माच्या वस्तूची आणि खेळण्यातल्या चाकूची तुलना करायची नाही मला. एवढंच की ती मुलं कृपाण काढून एकमेकांना दाखवताना मी कधी पाहिली नाहीत. ती कशाकरता आहे हे त्यांना सांगितलेलं होतं, आणि सांगणारी माणसं रोज आजूबाजूला होती.

तर दे कसा, ते सांगतो. धाकटीला मी असंच शिकवलं, ती आता पाचवीत आहे. आधी काकडी, केळं, पाटावर बसून. मग धाट मिळालं तर धाट. मग कडुलिंबाची ओली फांदी, अंगठ्याएवढी. ओलं लाकूड मऊ कापतं, वाळलेल्या बाभळीशी झगडायला लावलंस तर लेकरू चिडतं आणि चाकू फेकतं. बसूनच कापायचं, कोपरं गुडघ्यांवर, कापणं गुडघ्यांच्या पुढं. मांडीवर धरून कापायचं नाही, मांडीत मोठी रक्तवाहिनी असते. पातं अंगापासून लांब जायला हवं. दुसरा हात नेहमी पात्याच्या मागं. हात लांब करून फिरवला तर जिथवर पोचेल तिथं कुणी नको. दुसऱ्याला द्यायचा तर खाली ठेवायचा, त्यानं उचलायचा. फांदीची पहिली विटी वाकडी होईल, होऊ दे. तू हात पुढं करू नकोस. या सगळ्यात मला हेच जड गेलं.

कापेलच कधीतरी. साध्या पाण्यानं धू, स्वच्छ फडक्यानं दाबून धर, मध्ये मध्ये उघडून बघू नकोस. हळद भरायची नाही, आईंना आधीच सांगून ठेव. रक्त थांबलं नाही किंवा चीर खोल गेली तर टाके. धनुर्वाताचा पाच-सहा वर्षांचा डोस झालाय ना, ते कार्डावर बघ. पुढचा दहाव्या वर्षी असतो. आणि खरी भीती कशाची धरावी म्हणशील तर आमच्याकडं लेकरांना कडबाकुट्टीच्या यंत्राजवळ फिरकू द्यायचं नाही. तिच्यात गेलेलं बोट परत येत नाही. तुझ्याकडं तेवढीच भीती संक्रांतीच्या मांज्याची धर.

लातूरचं एक सांगतो आणि आवरतं घेतो. ट्यूशन एरियात भाच्याच्या खोलीवर गेलो होतो. चार पोरं, चौघांनाही डॉक्टर व्हायचंय, भिंतभर तक्ते. मी डाळिंब नेलं होतं. एकाला म्हटलं काप, तर तो चाकू उलटा धरून बसला. उद्या हाच माणूस माझं अपेंडिक्स काढणार. मी डाळिंब कापून दिलं आणि खाली येऊन चहा प्यालो.

दत्ता, लेकराबद्दल मला शंका नाही. येळवशीला आला होता तेव्हा कडब्याची कोप (खोपटी) बांधताना तासभर गप्प बसून सुतळ्या कापून देत होता, बघितलंय मी. शंका आहे ती तुझ्याबद्दल. तुम्ही दोघं रात्री आठला घरी येता. रविवारी तू लॅपटॉप उघडून बसतोस. चाकूला शेजारी बसणारा माणूस लागतो, अर्धा तास, फोन न बघता. तो नसेल तर वहिनींचं कुलूप बरोबर आहे, आणि मी त्यांच्या बाजूनं आहे. घरात रांगणारं बाळ असतं किंवा पोरगं रागात वस्तू फेकणारं असतं, तर शेजारी बसलास तरी नको म्हटलं असतं.

जानेवारीच्या शेवटी हुरडा आहे. आबांनी यंदा दोन एकर ज्वारी ठेवलीय, पाखरांना राखणारं माणूस मिळत नाही तरी. दोन्ही लेकरांना आणि वहिनींना घेऊन ये. धाट मागच्या वर्षीचं गोठ्यावर आहे, दोन गाड्या होतील एवढं. लातूर एक्सप्रेसनं आलात तर सकाळी मी स्टेशनवर येतो. येताना शनिवारवाड्यापलीकडच्या त्या दुकानातून बारीक आणि जाड अशा दोन बाजूंचा धारेचा दगड आण, इथं मिळतो तो लवकर झिजतो. पैसे आल्यावर देतो. मागच्या वेळचेही राहिलेत, ते लक्षात आहेत.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
भगवान